मलकापूरची पांढरी गाडी

म्हैस बघावी तशी माझे वडील गाडी बघतात. लांबून एक चक्कर, मग जवळ जाऊन पाठीवर थाप, आणि मग गाडी सोडून मालकाशीच गप्पा. मालक कुठल्या घरातला, सोयरीक कुठं, रान किती, एवढं कळलं की त्यांची परीक्षा संपते. चांगल्या माणसाची गाडी वाईट निघत नाही, असं त्यांचं ठाम मत. मला ते कधीच पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगतही आले. पण गाडीतलं मला तरी काय कळत होतं? मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले होते, तेवढंच.

गारगोटीच्या एका शाळेत मला नोकरी लागली तेव्हाची ही गोष्ट. घर कसबा बावड्यात, नवरा कामासाठी पुण्यात, मुलगी सात वर्षांची. मागे तिला सांभाळायला कोणी नाही म्हणून तिचंही नाव गारगोटीतच घातलं. रोज एवढा लांबचा प्रवास आम्ही दोघी करणार, तर परवडेल अशी एखादी जुनी गाडी घ्यायचं ठरलं. रंग, मॉडेल, कशाचाही माझा हट्ट नव्हता. ज्या गाडीत पोरीला रोज बसवायचं ती धड असावी, एवढंच मला हवं होतं. वडील मलकापूरच्या अलीकडच्या गावात राहतात. त्यांचा फोन आला की मलकापुरात एक पांढरी गाडी विकायला आहे, माणूस सोन्यासारखा आहे, रविवारी ये. मुलीला शेजारी ठेवून मी एसटीने गेले.

गाडी दारात धुऊन पुसून उभी होती. इतकी स्वच्छ, की मला ते आवडलं नाही. पुढच्या डाव्या सीटचं कव्हर कोरं होतं, बाकीची जुनी, विटलेली. त्याच बाजूचं दार लावलं की इतर दारांपेक्षा वेगळा, पत्र्यासारखा आवाज यायचा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा, हे मी व्हिडिओत बघितलं होतं. तो लागलाच नाही. मालकाला विचारलं, तर बल्ब गेला असेल म्हणाला. अपघात वगैरे? छे, घरच्याच वापरातली गाडी, साधा ओरखडा नाही. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता वडिलांकडे बघत होता. पन्नाशीचा, सभ्य, हळू आवाजात बोलणारा माणूस. आमच्याकडचा माणूस एवढ्या हळू बोलला की मला उगाच धाकधूक होते.

वडिलांना बाजूला घेऊन मी हे सगळं सांगितलं. त्यांनी कानावरून माशी हाकलल्यासारखं केलं. दार बदललं असेल, कव्हर उसवलं असेल, एवढ्या स्वस्तात गाडी मिळते आहे आणि तू एका दिव्यासाठी अडून बसली आहेस. मला चांगलाच राग आला होता. तेवढ्यात मालकाने जेवायला चला म्हणून आग्रह केला. मी वडिलांचा शर्ट मागून ओढला, पण तोवर त्यांनी चपला काढल्या होत्या. तिथंच माझं मन खचलं. एखाद्याच्या घरी ताटावर बसलं की त्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. सोयरिकी अशा जमतात हे ऐकून होते, गाडी जमताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मटण झणझणीत होतं, पण रविवारी मटण शिजणाऱ्या घरात जो गलका असतो तो नव्हता. टीव्ही बंद. मालक स्वतःच वाढत होता. आतून भांड्यांचा आवाज यायचा, मालकीणबाई मात्र एकदाही बाहेर आल्या नाहीत. वडील माझ्या मुलीचं कौतुक सांगत होते, नात कशी हुशार, आता आईबरोबर गाडीतून शाळेला जाणार. ते ऐकून मालकाचा हात रश्श्याच्या पातेल्यात तसाच थांबला, आणि मग त्याने वडिलांना अजून एक वाटी वाढली.

जेवण झाल्यावर मी ताट घेऊन आत गेले. बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. माझ्या येण्याचीच वाट बघत असाव्यात, कारण त्यांनी आधी माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"पोरीला बसवणार हायस व्हय त्यात?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"माझी लेक त्यातच गेली. म्होरं बसलीती. घेऊ नगंस बाई. आणि मी बोलले म्हणून आमच्या मालकास्नी सांगू नगंस."

त्यांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, अजून थोडा भात घ्यायचा होता की, असं म्हणाल्या. मी बाहेर आले तर वडील मालकाच्या हातात हात देऊन उभे होते. गाडी आमची, असं म्हणून मोकळे झाले होते.

स्टँडकडे चालत जाताना मी त्यांना सगळं सांगितलं. ते रस्त्यातच थांबले, टोपी काढून परत घातली. मला वाटलं, आता मागे फिरतील. पण नाही. म्हणाले, फार वाईट झालं, पण त्यात गाडीचा काय गुन्हा? आणि त्याच्या ताटात जेवून शब्द दिला आहे, तो आता फिरवायचा कसा? माझं डोकं फिरलं. त्या गाडीत माझी मुलगी बसणार नाही म्हटलं, आणि तुम्हाला एवढी हौस असेल तर तुम्हीच बसा, असंही बोलून गेले.

"बसतो की," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बावड्यात आमच्या इमारतीखाली हॉर्न वाजला. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची, वडिलांच्या हातात पेढ्यांचा पुडा. मी पेढा खाल्ला नाही. ओळखीच्या मेकॅनिककडून त्यांनी गाडी उघडून तपासून घेतली होती, हेही त्यांनीच सांगितलं. आत एअरबॅगची पिशवीच नाही म्हणे, नुसतं झाकण बसवलं आहे. आमच्या वेळच्या जीपला तरी कुठं होती, असं वर हसून. आम्ही मायलेकी वडापच्या, माणशी पैसे घेऊन खचाखच भरणाऱ्या जीपमध्ये कोंबून घेऊन गारगोटीला जायला लागलो. पाय ठेवायला जागा नसायची, तरी मला तिथं बरं वाटायचं. वडील मात्र सत्तरीत नवी हौस लागल्यासारखे गाडी फिरवत होते. अवेळी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. गाडीला काहीच झालं नाही. महिने गेले, साधी पंक्चर नाही. त्यानेच मी जास्त घाबरत गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी हटून बसली की आजोबांच्याच गाडीतून गावाला जायचं. किती दिवस नाही म्हणणार? मागच्या सीटवर बसायचं, पट्टा लावायचा, या अटीवर मी सोडलं. दोघांनी इतक्या पटकन माना डोलावल्या की मला तेव्हाच कळायला हवं होतं. गॅलरीतून मी ती गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, आणि ते पोचल्याचा फोन येईपर्यंत काहीच सुचलं नाही.

भाऊबीज झाल्यावर मुलगी परत आली. तिच्या केसांना तेल लावत होते, तेव्हा ती सहज सांगायला लागली. एके दिवशी आजोबा मलकापुरात भाजी घ्यायला उतरले होते. ती पुढे बसली होती. एक बाई रस्ता ओलांडून आल्या, दार उघडलं आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मग तिला हाताला धरून उठवलं, मागे बसवलं, पट्टा लावला.

"काही बोलल्या का तुला?"

"म्हणाल्या, ऊठ बाळा, ती जागा माझ्या लेकीची हाय."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मुलगी म्हणाली, त्या रागावल्या नव्हत्या, आजोबा येईपर्यंत दाराशी उभ्या होत्या. आणि आजोबा? आजोबांनी त्यांना बघितलं आणि गाडी सुरू केली. गाव येईपर्यंत बोललेच नाहीत.

मी वडिलांना फोन केला. भांडायची सगळी तयारी केली होती. मुलगी म्हणते ते खरं का, एवढंच विचारलं. ते फक्त व्हय म्हणाले. मला पुढे भांडता आलं नाही.

वडील अजून येतात, त्याच गाडीतून, एकटे. मी खाली गेले की गाडीत डोकावते. पुढची सीट रिकामी असते. आता ते भाजीची पिशवीसुद्धा मागच्या सीटवर ठेवतात.