माईक बंद करणारा माणूस

आमचे हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि महिनाही उलटला नाही तोच त्यांनी एका खुनाचा तपास हाती घेतला. खून जुना, माझ्या जन्माच्याही आधीचा. बार्शीच्या पलीकडच्या एका गावात भर सभेत एका पुढाऱ्याला गोळी घातली होती. मारणारा जागच्या जागी सापडला. विहिरीच्या पाण्यावरून भांडण होतं असं त्यानं कबूल केलं आणि पुढं तुरुंगातच वारला. माझ्या मते यात शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. ह्यांच्या मते नेमकं तेच संशयास्पद होतं. “इतकं सरळ असतं का काही?” हे म्हणाले. ज्या माणसानं उभ्या नोकरीत एक फाईल सरळ गेलेली पाहिली नाही, त्याला असं वाटायचंच.

हॉलची भिंत पहिली गेली. माझ्या नणंदेनं दिलेलं मोरांचं चित्र उतरवलं आणि तिथं फोटो, कात्रणं, गावाचा नकाशा चिकटवला. शेजारी यंत्रमागवाल्यांचं तेलुगू कुटुंब आहे, त्यांच्याकडून रंगीत सूत आणलं आणि कोण कुणाला सामील होता ते टाचण्या मारून दाखवलं. शेजारच्या वहिनी एकदा विरजण मागायला आल्या, भिंतीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “रुखवत लई झकास झालंय. पोरगी कुणाची?”

घरी येणाऱ्या प्रत्येकाला विचारणा व्हायची, “त्या दिवशी तुम्ही कुठं होतात?” गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याचा बाप तेव्हा पाळण्यात असेल, पण तोही सुटला नाही. कटात सामील असलेल्यांची संख्या भाज्यांच्या भावासारखी चढत होती. आधी पुढाऱ्याचा मेहुणा, मग त्याच्याच पक्षातले दोघे, मग हार घालणारा. एकदा तर ‘परकीय हात’ निघाला. मी म्हटलं, “अहो, तो माणूस लग्नकार्याशिवाय तालुक्याबाहेर जात नव्हता. परक्यांना त्याचं काय सोयरसुतक?” हे म्हणाले, “म्हणूनच कुणाला संशय आला नाही.” मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी मात्र तपास बंद आणि संशोधकांच्या हातात पाइप. पाण्यापुढं कुठलाच कट टिकत नाही, हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको.

ह्यांच्या सगळ्या विचारांचा कणा होता ‘दुसरा माणूस’. स्टेजसमोरच्या कडुलिंबाच्या झाडावर म्हणे आणखी एक नेमबाज दबा धरून बसला होता. सारखाच छंद असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यावर हे दर रविवारी लेख टाकायचे आणि लिंबावरच्या माणसाला तिथं फार मान होता.

शेवटी एकदा हे एस.टी. धरून त्या गावालाच जाऊन आले. गेले होते हौसेनं, आले ते तोंड पाडून. पाणीही न पिता भिंतीपाशी गेले आणि दुसऱ्या माणसाचा लाल दोरा सोडवायला लागले. मी विचारलं, काय झालं? तिथं त्यांना एक म्हातारी भेटली होती. लिंब दाखवून तिनं सांगितलं, “ह्यो मीच लावला. खून झाल्यावर दोन पावसाळ्यांनी.” म्हणजे दुसऱ्या माणसाला बसायला फांदीच नव्हती. मी हसून घेतलं, मनसोक्त.

पण म्हातारीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. गोळी सुटायच्या आधी माईक एकदम बंद झाला होता. बंद करणारा लाउडस्पीकरवाला बार्शीचा. पुढं त्यानं तो धंदा सोडून पिठाची गिरणी टाकली. गिरणी कुठं आहे तेही तिनं नीट सांगितलं.

“तुझे वडील गिरणीच्या आधी काय करायचे गं?” ह्यांनी हळूच विचारलं.

“गिरणीच्या आधी मीच नव्हते,” मी म्हटलं, आणि माझं हसणं तिथंच थांबलं.

ह्यांनी ग्रुपवर आधीच जाहीर करून टाकलं होतं: येत्या रविवारी माईक बंद करणाऱ्याचं नाव. माझे वडील, आप्पा, ऐंशीच्या पुढचे. बार्शीत त्यांच्या दारात मोबाइल उगारून पोरंठोरं उभी राहतील, “आजोबा, किती पैसे मिळाले होते?” म्हणून विचारतील, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी ह्यांना सांगितलं, हे नाव बाहेर गेलं तर मी माहेरी जाईन आणि परत येणार नाही. हे म्हणाले, “सत्य हे सत्य असतं.” मी म्हटलं, “असू दे. त्याला भाकरी थापता येते का बघा.”

त्यातच अधिक महिना लागला आणि आईचा फोन आला, शनिवारी जावयांना धोंड्याचं जेवण. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ओवाळायचं, कपडे करायचे, हा आमच्याकडचा रिवाज. ज्याच्यावर खुनाच्या कटाचा संशय, त्याच्याच घरी पाटावर बसून तुपात बुडवलेले धोंडे खायचे, असा प्रसंग जगातल्या दुसऱ्या कुठल्या तपास अधिकाऱ्यावर आला नसेल. बार्शीपर्यंत मी बजावत होते, “जावई म्हणून चाललाय, फौजदार म्हणून नाही.” हे खिडकीबाहेर बघत होते.

आईनं ओवाळलं. आप्पांनी स्वतः ह्यांच्या पायांवर पाणी घातलं, वाकताना कंबर धरत. तेहेतीस अनारशांचं ताट ह्यांच्या हातात दिलं. मला वाटलं, आता विचारणार नाहीत. माणसाला काही लाज असते. पण दुसरा धोंडा फोडल्यावर हे म्हणालेच, “आप्पा, तुमचा पूर्वी लाउडस्पीकर होता?”

आप्पांचा घास तोंडाशी राहिला. आई तुपाची वाटी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. मी ह्यांच्याकडं असं पाहिलं की दुसऱ्या कुणाला ठसका लागला असता.

“हुता की,” आप्पा म्हणाले. “मशीन तापायचं. उन्हाळ्याचे दिस. तापलं की घटकाभर बंद ठिवायला लागायचं, न्हायतर जळायचं. मी हात करून सांगितलं, सायेब, जरा थांबा. ते म्हणले, लोकं उनात बसल्यात, मी कसा थांबू? आन् आवाज पोचावा म्हणून खाली उतरले. लोकांत. तितंच त्यो बसला हुता.”

आप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“मी बटन दाबलं नसतं तर ते वरच ऱ्हायले असते,” आप्पा म्हणाले. “नवं मशीन हुतं. माजं मशीन वाचावं म्हणून मी माणूस घालवला. मग इकून टाकलं. गिरणी बरी, सुरू असली की काय ऐकू येत न्हाय.”

“मला कदी बोलला न्हाईत,” आई म्हणाली.

आमच्या सबंध आयुष्यात आप्पा कुठल्या सभेला, मिरवणुकीला गेले नव्हते. घरच्या लग्नातसुद्धा त्यांनी बँड लावू दिला नव्हता. आम्ही त्याला चिक्कूपणा म्हणत होतो. मला ताटावरून उठून जावंसं वाटलं.

ह्यांनी हातातला धोंडा खाली ठेवला. “आप्पा,” ते म्हणाले, “ते वर राहिले असते तरी गेलेच असते. दुसरा माणूस होता. समोर लिंबाचं झाड आहे ना, त्यावर. त्यानं नेम स्टेजवरच धरला होता. मी सगळं तपासलंय. भिंतीवर लावलंय. हिला विचारा.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. ज्या संशोधनाची मी गावभर टिंगल केली होती, त्याची साक्ष द्यायची वेळ आली.

“व्हय आप्पा,” मी म्हटलं. “लाल दोऱ्यानं दाखवलंय. एकदम पक्कं हाय.”

आप्पा विचारात पडले. “लिंब,” ते म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. “तितं लिंब न्हवता, जावईबापू. भोंगा बांदायला झाडच न्हवतं, म्हणून मी बांबू रोवला हुता.”

ह्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं संसार केला, पण त्या क्षणाइतका हा माणूस मला कधी आवडला नव्हता.

आप्पा ह्यांच्याकडं बघत राहिले. हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. “माज्यासाठी माणूस झाडावर बशिवलात,” ते म्हणाले, “पर आदी झाड तरी लावायचं की!”

आणि ते हसायला लागले. आई हसली, मी हसले. हसता हसता आप्पांना रडू फुटलं, लहान पोरासारखं, आवाज करून. मी हात धुवायला धावले, पण हे माझ्या आधी पाटावरून उठले होते आणि तुपाच्या हातांनीच त्यांनी आप्पांना जवळ घेतलं होतं.