इसबगोलाच्या डब्यातली गोळी

आमच्या निरगुडसरला एक रीत आहे, तिला माणुसकी म्हणतात. कुणी दवाखान्यात जाऊन आलं की पाहुणे चौकशीला येतात, चहा पितात आणि औषधाची डबी उचलून उजेडात नेऊन वाचतात. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याला हाक मारतात.

नवऱ्याला एचआयव्ही निघाला तेव्हा मला आधी धास्ती बसली ती या माणुसकीची. मला लागण नव्हती. त्याचे उपचार नुकतेच सुरू झाले होते, त्यांचा पुरता गुण यायला वेळ होता. तोवर मला लागण होऊ नये म्हणून पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी दिली. नवऱ्यानं मला शपथ घातली, "आईला कळता कामा नये." घरात हे आणलं यानं आणि शपथ मला. वा रे वा!

बाटली मी इसबगोलाच्या डब्यात तळाशी लपवली. दुसऱ्याच्या बद्धकोष्ठात नाक खुपसायला आमच्या पाहुण्यांनाही नको वाटतं. सासूला सांगितलं, पोट साफ होत नाही. झालं! संध्याकाळचं जेवण उरकलं की ती कोमट दुधात दोन चमचे इसबगोल कालवायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. ती दूध कालवायला पाठमोरी झाली की आधीच काढून ठेवलेली गोळी मी तोंडात टाकायची आणि मग त्या खळीबरोबर ढकलायची. मी शाळेत विज्ञान शिकवते. पाण्यात काय फुगतं, काय विरघळतं, ते पोरांना करून दाखवते. आणि माझ्या डोक्यात तीन महिने उजेड पडला नाही.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" मी माझी युक्ती ऐटीत सांगितली. त्या हसल्या नाहीत.

"इसबगोलानं ही गोळी वाया जाते असं काही दिसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण फुगणारा भुसा औषध अंगात जायला अडथळा करू शकतो. दोन तासांचं तरी अंतर ठेवा. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्या, नाहीतर घशात अडकेल. आणि गोळी एकही दिवस चुकवू नका."

मग रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून मी स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या नवऱ्यालाही कधी घातल्या नव्हत्या. त्याच्यामुळे नाही, माझ्याच अतिशहाणपणामुळे लागण झाली असेल तर तोंड कुणाला दाखवू, एवढंच मनात घोळत होतं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला.

घरी येऊन सासूला म्हटलं, "आत्या, इसबगोल आता सकाळी घ्यायला सांगितलंय."

"आन् गोळी?"

"कसली गोळी?"

"डब्यातली. इसबगोल संपलं की डबा कोन भरतं? मीच की. पोरानं तर मला पैल्याच दिवशी रडून समदं सांगितलं."

शपथा घालणारा माझा शूर नवरा! आईच्या पदरात तोंड घालून मोकळा झाला होता, आणि मी तीन महिने चोरासारखी गोळ्या गिळत होते.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू लपवीत व्हतीस. मी लपवू दिलं. शेजारीन इसबगोल मागाया आली व्हती, तिला म्हनलं, संपलं." तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "रिपोट काय म्हनतोय?"

"चांगला आहे."

ती मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसले. "त्यानं केलं ते केलं," ती म्हणाली. "तू धड ऱ्हा."

या बाईला मी अडाणी म्हणत आले होते.

आता दूध सकाळी असतं, वर तांब्याभर पाणी. संध्याकाळी ती डबा उघडते, बाटली काढून माझ्यापुढे ठेवते आणि गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही.