नकोशा दहा गावांची यादी

मार्चमधल्या त्या शुक्रवारी प्रशिक्षकाने सरावाच्या मधेच शिट्टी फुंकून ओरेस्ट हनाट्युकला बर्फावरून बाहेर बोलावलं, आणि सास्काटूनच्या अख्ख्या आइस हॉकी संघाला कळायचं ते कळलं. खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी दोनची. अशा दिवशी धडधाकट गडी घरी पाठवतात तो काही विश्रांतीसाठी नाही. विकायचा माल सरावात मोडू नये म्हणून!

पोरांनी बर्फावर काठ्या आपटून त्याला निरोप दिला. त्याचा जोडीदार ओकरब्लुम, स्वीडनचा, जिभेला हाड नसलेला, कठड्यावरून ओरडला, "म्हाताऱ्या, टँपा! सकाळपासून रेडिओवर तेच चाललंय. तिथे बारा महिने ऊन आणि समुद्र! पोहायची चड्डी आहे का?"

"तुझी दे."

"माझी तुला कमरेवर चढायची नाही!"

ओरेस्ट हसला. समोरचे दोन दात नसल्यामुळे तो हसला की प्रेमळ दिसायचा. पण गाडीत बसल्यावर त्याने आधी रेडिओ बंद केला. टँपाचा गोंधळ त्याने स्वतःच्या हाताने करून ठेवला होता.

हा ओरेस्ट पस्तिशीचा. गोल वर्षाला दोन, तेही चुकून. समोरून सुसाट येणारी चकती अंगावर घ्यायची, हाच त्याचा धंदा. तेरा वर्षांत सात संघ झाले, म्हणजे सात गावं. त्याची बायको कार्लीन गुरांची डॉक्टर. प्रत्येक गावी नव्याने परवाना काढायचा, गिऱ्हाईक जमवायचं, आणि जमलं की खोकी भरायची. सातव्या वेळी ती म्हणाली होती, "आठव्यांदा भरली, तर एका खोक्यात तुला भरीन आणि वर पत्ता लिहिणार नाही." मग तिने गावाबाहेर स्वतःचा दवाखाना काढला. ओरेस्टने तिला शब्द दिला, आता हलायचं नाही. नव्या करारात त्याने पैसे कमी घेतले आणि बदल्यात एक कलम मागून घेतलं. दरवर्षी पंधरा जूनच्या आत त्याने दहा संघांची नावं द्यायची, त्या दहांकडे त्याच्या होकाराशिवाय त्याला पाठवता येणार नाही. बाकीच्यांकडे मात्र सकाळी सांगून संध्याकाळी विमानात.

जूनमध्ये ओरेस्टने यादी केली ती आवडीनिवडीने. एका गावात शिळे शिंपले खाऊन तो तीन दिवस न्हाणीघरात मुक्कामाला होता. दुसरीकडचा प्रशिक्षक त्याला टीव्हीसमोर गाढव म्हणाला होता. तिसऱ्या गावात घरमालकीण खडूस.

कार्लीनने कागद वाचला. "ही यादी आहे की रुसव्यांची वही? ज्यांना तू फुकटही नकोस, त्यांना कसला नकार देतोस? ज्यांच्याकडे बचावाला माणूस कमी आहे, त्यांची नावं घाल. टँपा घाल."

"टँपाला नाही कोण म्हणतं? पोरं हसतील मला."

"हसू देत."

पण त्याने टँपा घातलं नाही. तिने यादी टाइप केली आणि भावाच्या शेतात ट्रॅक्टरच्या चाकावर कागद टेकवून त्याने सही ठोकली.

आता तो दवाखान्यात पोचला, तेव्हा कार्लीनचा हात खांद्यापर्यंत एका गाईत होता. वासरू उलटं आलं होतं. गाईची मालकीण, विधवा पेट्राशबाई, दोर धरून उभी. बाई कानाने तिखट; पुढचं सगळं गावभर झालं ते तिच्याच कृपेने.

"या वेळी इथे कसा?" कार्लीनने मान न वळवता विचारलं.

"सरावातून काढलं. टँपा." मग तो एका दमात म्हणाला, "मी ते यादीत घातलं नव्हतं. तू सांगूनही नाही घातलं. चुकलो मी, कार्ली."

"हं," एवढंच कार्लीन म्हणाली. पेट्राशबाईला ते 'हं' फार आवडलं.

एक वीसला फोन वाजला. संघाचा व्यवस्थापक फोर्निए दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. "ओरेस्ट, टँपाशी बोलणं पक्कं झालंय. पण ते तुझ्या यादीत आहे, तेव्हा तुझा होकार लागेल. हे बघ, यंदा चषक त्यांचाच. तुझ्या वयात अशी संधी परत यायची नाही."

यादीत आहे? ओरेस्टने कार्लीनकडे पाहिलं. ती गाईच्या पाठीकडे बघत म्हणाली, "चषकाचं तुझं तू ठरव. त्यात मी पडत नाही."

तेरा वर्षांत चषकाला त्याचं बोटही लागलं नव्हतं. पेट्राशबाई सांगते, त्याने गाईच्या पाठीवर एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "नाही, साहेब. मी इथेच बरा."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवला आणि तो चाऱ्याच्या पोत्यावर मटकन बसला. छातीवरून चाळीस शेराचं ओझं उतरावं तसा श्वास सुटला. "तू घातलंस?"

"टाइप करताना. सही तुझी आहे. वाचत का नाहीस?"

"आणि काढलंस काय?"

"शिंपल्यांचं गाव."

"अगं, तिथे मी मरता मरता वाचलो!"

"त्यांनीच तुला हाकललं होतं ना? ते परत कशाला विकत घेतायत?"

पेट्राशबाई इतकी हसली की तिच्या हातून दोर सुटला.

दोनला पाच कमी असताना ओकरब्लुमचा निरोप आला. त्याच्या करारात असलं कलमबिलम नव्हतं, म्हणून टँपाने त्यालाच उचललं होतं. निरोपात मजकूर नव्हता, फक्त फुलाफुलांच्या पोहायच्या चड्डीचा फोटो होता. ओरेस्टने तो फोटो कार्लीनला दाखवला.

"सुटला बिचारा थंडीतून," ती म्हणाली. "दोन वाजले का?"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकेपर्यंत ओरेस्ट थांबला. "वाजले."

"मग तू आता कुठे जात नाहीस. कोट काढ आणि तो दोर धर. मी म्हणेन तेव्हा ओढायचं, आधी नाही."

त्याने कोट काढला.