भरती सांगणारी ओळ

म्हात्रेदादा संगणकासमोर बसले की आधी वाचायचे, मग बोटं उचलायचे. वाचण्यासारखं तिथं काय, तर प्रॉम्प्ट. काळ्या पडद्यावर मशीन आपल्या हुकमाची वाट बघत थांबतं ती ओळ. आमच्या सगळ्यांच्या ओळीत मशीनचं नाव आणि एक खूण, संपलं. दादांनी मात्र ती हौसेनं सजवली होती. कारखाना चालवणाऱ्या मशीनवर गेलं की लाल, सरावाच्या मशीनवर हिरवी. "लाल दिसला का हात मांडीवर ठेवायचे," हे त्यांनी मला रोह्याच्या कंपनीत पहिल्याच दिवशी बजावलं. आणि लाल असो की हिरवी, ओळीच्या शेवटी आजची तिथी आणि भरतीला किती वेळ उरला ते.

रसायनांच्या कंपनीत भरती कशाला हवी? मी नवी, त्यात तोंडाळ. विचारलंच, दादा, होडी कुठं बांधलीय? ते हसले. त्यांचं गाव पेणच्या खाडीकाठचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक. अष्टमीला सहा वाजता, इतकं सोपं. वर्षभराच्या तिथी पंचांगातून उतरवून तेच गणित त्यांनी ओळीत घातलं होतं. "मशीन थांबलाच हाय, तर दोन कामाच्या गोष्टी सांगू दे की."

खरं कारण कळायला वर्ष गेलं. त्यांच्या गावच्या शेताला खाडीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला फळ्या काढून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीआधी फळ्या घालून खारं पाणी अडवायचं. चुकलं तर भात जळतं. चाळीस वर्षं ही उघाडी दादांचे वडील, आबा, सांभाळत होते, आणि आता त्यांना तिथी आठवेनाशी झाली होती. गावाला कळलं तर उघाडी दुसऱ्याकडे जाणार, आणि उघाडी गेली की आबा अंथरूण धरणार. म्हणून दादा भरतीआधी न चुकता फोन करायचे. फळ्या घाला, असं कधी म्हणायचे नाहीत. चाय झाली का, आज तिथी काय हाय, असं विचारत विचारत आबांच्याच तोंडून ते वदवून घ्यायचे. ऐकताना मला गलबलून यायचं.

त्या श्रावणात मुख्य कचेरीचा हुकूम आला, सगळ्या मशीनची घड्याळं जागतिक वेळेवर लावा. पिठोरी अमावास्येच्या सकाळी दादा बैठकीत असताना मी मोठ्या हुशारीनं ते करून टाकलं. घड्याळ साडेपाच तास मागे गेलं आणि दादांच्या ओळीतली भरती साडेपाच तास लांब. दहा वाजता ते आले, ओळ वाचली, भरतीला पावणेसात तास. निवांत कामाला लागले.

एक वाजता गावातून फोन आला. अवसेचं उधाण उघड्या उघाडीतून भातात शिरलं होतं. दादांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पडदा पाहिला, मग माझ्याकडे. ते एवढंच म्हणाले, "तुझा काय नाय गो. आज अवस, ता मला सकालपासून ठाव व्हता. मोजायचा सोडला मी, नुसता वाचत बसलो."

मी हट्टानं त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसले. नागोठण्यावरून पेण आणि पुढे बांधापर्यंत नुसता चिखल. बांधावर माणसं जमली होती. आबा फळ्यांवर बसले होते, मान खाली. म्हाताऱ्याला आता जमत नाय, उघाडी काढून घ्या, असं चाललं होतं. दादा पुढे झाले.

"आबा फल्या घालाय निघाले व्हते. मीच फोन करून थांबवला त्यांना, अजून येल हाय म्हणून. चूक माझी हाय."

साफ खोटं. फोन झालाच नव्हता, आबा विसरले होते. मी तोंड उघडलं तर दादांनी माझं मनगट घट्ट दाबलं. गावानं लगेच मानलं. शिकलेला माणूस मूर्ख निघाला हे पटायला कुणाला वेळ लागतो? सायेब झाला नि अवस इसारला, म्हणून लोकांनी त्यांना धू धू धुतलं. मग आबा उठले. त्यांनाही ते खरंच वाटलं होतं. चाळीस वर्सांत माझी एक भरती चुकली नाय, ती तू चुकवलीस, असं सगळ्यांदेखत त्यांनी पोराला झापलं. पन्नाशीचे दादा खाली बघत ऐकत राहिले.

परतताना मी रडत माफी मागत होते. दादा म्हणाले, "आबा किती दिवसांनी असा वरडला माझ्यावर. बरा वाटला गो."

आबा त्याच माघात गेले, उघाडी त्यांच्या हाती असतानाच. पुढच्या वर्षी दादांनी नोकरी सोडली. आता उघाडी तेच बघतात आणि तिथी बोटांवर मोजतात. गावातली पोरं अजून त्यांना अवस विसरलेला सायेब म्हणून चिडवतात. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तीनदा गेले, खरं काय ते सांगून टाकते म्हटलं. तिन्ही वेळा त्यांनी मला जेवू घातलं, तांदूळ बांधून दिले आणि गप्प केलं. शेवटच्या खेपेला मी चिडलेच. आबा तर आता नाहीत, मग कुणासाठी ऐकून घेता?

"आबा नाय," दादा म्हणाले, "पन लोक अजून म्हणतात ना, आबाची भरती कदी चुकली नाय. म्हणू देत."

म्हणून इथं त्यांच्या गावाचं नाव लिहिलेलं नाही.