फ्रिजला हळदकुंकू

दुकानात आल्या की डॉक्टरबाई आधी माझ्या फ्रिजच्या दारावर तळवा ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग विचारायच्या, “रात्री लाइट गेली होती का?” नमस्कार नाही, कसे आहात नाही. मी म्हणायचो, “मुंबईत लाइट जाते कुठे, बाई?” तरी दार उघडून आतला तापमापक स्वतः बघायच्या आणि मगच हसायच्या.

दहिसरला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं मेडिकलचं दुकान आणि शेजारी त्यांचा मुलांचा दवाखाना. त्यांच्या लशी माझ्याच फ्रिजमध्ये असत. एकदा बायकोने त्यात श्रीखंडाचा डबा ठेवला. बाईंनी तो काढून माझ्या हातात दिला. “भाऊ, माझ्या लशी कडक सोवळ्यातल्या. शेजारी कोणी चालत नाही त्यांना.” ते श्रीखंड मग दुपारी बाई आणि मी, आम्ही दोघांनीच संपवलं.

तुम्हीही असे दवाखाने पाहिले असतील, जिथे इंजेक्शनच्या आधी बोलणी खावी लागतात. इथे तारीख चुकवलेली आई दारात घुटमळली की बाई म्हणायच्या, “राहिलं तर राहिलं. आता घेऊ.” झालं.

लस म्हणजे पोराटोरांची गोष्ट, असं मात्र त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. जन्मल्या जन्मल्या ब काविळीची, बाळ नऊ महिन्यांचं झालं की गोवराची, वयात येण्याआधी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी, फ्लूची तर दरवर्षी. माझी पन्नाशी उलटली तशा नागिणीच्या लशीसाठी मागे लागल्या. मी म्हटलं, “नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळायला आलं की बघू.” त्या म्हणाल्या, “तोवर तुम्ही दुखण्यानं नाचाल, आणि बघायचं आम्हाला.” घेतली मुकाट्याने.

पुढे मला गल्लीतलं कुत्रं चावलं. औषधं विकणारा मी, जखमेवर हळद दाबून बसलो होतो. बाईंनी मला नळाखाली नेलं, साबणाने जखम धुवायला लावली आणि मग इंजेक्शनं सुरू केली.

“ही मेलेली लस. चावल्यावर लगेच घेतली तरी वाचवते.”

“म्हणजे जिवंतही असते?”

“असते की. गोवराची, कांजिण्यांची. विषाणू जिवंत, पण दात काढलेला. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा. आणि काहींत तर विषाणूचा नुसता तुकडा असतो.”

दुसऱ्या मजल्यावरच्या ईशामुळे मला लस जिवंत असण्याचा अर्थ कळला. आठ वर्षांची पोर, रक्ताच्या कर्करोगाचे उपचार नुकतेच संपलेले. डोक्यावर जावळासारखे केस येऊ लागले होते आणि जूनमध्ये शाळेत जायचं म्हणून तिने दप्तर भरून ठेवलं होतं. त्याच सुमारास आमच्या भागात गोवर निघाला. तिची आई धावत आली. “हिला आजच लस द्या.”

“नाही देता येत गं,” बाई म्हणाल्या. “ती लस जिवंत. पोटुशी बाई आणि जिची ताकद खचलीय अशी पोर, दोघींना चालत नाही. सहा महिने जाऊ देत. तोवर तिच्या आजूबाजूच्यांनी घ्यायची. गोवर तिच्या दारापर्यंत पोचताच कामा नये.”

आजूबाजूचे म्हणजे समोरच्या दारातली मालवणी आजी आणि तिचे दोन नातू. त्या दोघांना आजीने गोवराची लस घेऊच दिली नव्हती. मुलगा आणि सून तिच्यापुढे ब्र काढत नसत. “बाय घराक येता,” आजी म्हणायची. “तिका आडवूचा नसता.” बाय म्हणजे गोवराची देवी; ती आली की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा आणि हात जोडायचे, एवढंच तिला ठाऊक.

बाईंचे गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही. तरी रोज दवाखाना आटोपला की जिना चढायच्या, आजीकडे चहा प्यायच्या, कोकमाच्या भावाबद्दल बोलायच्या. मला राग यायचा. साथ दारात आणि या कोकम काय मोजतायत?

एके दिवशी मीही सोबत होतो. चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, “आजी, बाय आली तर तुमचे नातू सोसतीलही कदाचित. पण ती समोरच्या दारातही जाईल. त्या पोरीत सोसायला काही उरलं नाहीये.”

आजीने समोरच्या बंद दाराकडे पाहिलं. “आणि तुझ्या सुयेत काय असता?”

“बायच असते. शांत केलेली.”

“जिती?”

“जिती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी दोन्ही नातवांना घेऊन दुकानात हजर. हातात कुंकवाचा करंडा. “खय ठेवलंस तिका?” मी फ्रिजकडे बोट दाखवलं. आजीने दाराला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला आणि आत बघायचं म्हणून दार ओढलं. मी तोंड उघडणार एवढ्यात बाई म्हणाल्या, “मान करा आजी, हवा तेवढा करा. फक्त दार उघडं ठेवू नका.” नातवांनी लस घेतली आणि दोघांनी मिळून इमारत डोक्यावर घेतली.

साथ आमच्या गल्लीतून गेली. तीन-चार घरांत गोवर झाला, आमच्या जिन्यावर मात्र चढला नाही. ईशा शाळेत जायला लागली.

दिवाळीत बाईंनी दवाखाना बंद केला. गुडघे अगदीच ऐकेनात, म्हणून त्या नाशिकला भावाकडे गेल्या. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. सहा महिन्यांची मुदत भरली ती त्यानंतर. ईशाला तिची लस नव्या डॉक्टरांनी दिली.

मी लगेच नाशिकला फोन लावला.

“दिली?”

“दिली. पण बाई, खूप रडली हो. तिची आई सांगत होती, हॉस्पिटलात इतक्या सुया टोचल्या तेव्हा हूं की चूं केलं नाही. मुकाट्याने हात पुढे करायची. आणि आज या एवढ्याशा सुईला भोकाड पसरलं, समोरच्या आजीच्या नातवांसारखं.”

पलीकडून बाईंचं हसू ऐकू आलं.

मग बाई म्हणाल्या, “रडू दे, भाऊ. पोटभर रडू दे तिला.”