मणीचं कुंपण

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही, देवापुढेसुद्धा नीट उच्चारलेलं नाही. आता थकले, म्हणून सांगते. लपवायलाही अंगात ताकद लागते — हे मला आधी कुठे माहीत होतं?

आम्ही मूळचे साताऱ्याचे. ह्यांची नोकरी इकडे तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात. निवृत्तीनंतरही मुलासुनेबरोबर इथेच राहिलो, राव मामांच्या घरात भाड्यानं. आम्ही खाली, मामा वर. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातला हा माणूस, बायको गेल्यापासून एकटा. त्यांचा मुलगा फ्रान्सहून येताना तिकडचं मेंढ्या राखणारं कुत्रं घेऊन आला — ब्रियार म्हणतात त्या जातीला — आणि ते बापाच्या गळ्यात टाकून पुन्हा परदेशी गेला. डोळ्यांवर केसांची झालर, अंगावर एवढे केस की इथल्या उकाड्यात त्याच्याकडे बघवत नसे. मामा त्याचे केस कापत, ओल्या गोणपाटावर त्याला निजवत. मणी म्हणत त्याला. मामांना दुसरं होतं तरी कोण?

मामा कौतुकानं सांगत, तिकडे शेतांना कुंपण नसतं. मेंढ्या चरतात आणि हे कुत्रं पिकाच्या कडेनं सारखं येरझारा घालतं. एखादी मेंढी पिकात शिरायला लागली की तिला दातांनी धरून मागे ओढतं. कुत्रंच कुंपण. आवडीत मेंढ्या कुठल्या? मणी गल्लीतल्या पोरांनाच रस्त्याकडे जाऊ देत नसे. आम्ही हसायचो.

बघा, मी नुसती कुत्र्याचंच सांगत बसले आहे. मुद्द्यावर यायला जीभ रेटत नाही.

उन्हाळा होता. पाण्याची लॉरी आली. अंगणात जमिनीखाली टाकी आहे — सम्प म्हणतात इथे. मी तिचं लोखंडी झाकण काढलं, पाणी भरून घेतलं, लॉरी गेली. तेवढ्यात चुलीवरचं दूध आठवलं आणि झाकण तसंच टाकून मी आत पळाले. माझी नात ओवी, जेमतेम चार वर्षांची, अंगणात खेळत होती. मला दिसत नव्हती का? दिसत होती.

मणीचं भुंकणं ऐकून मी खिडकीतून पाहिलं. तो ओवी आणि सम्पच्या मधे येरझारा घालत होता. ती हसत त्याला चुकवायला बघत होती. एकदा तो मागे पडला, ती कडेपर्यंत पोचली — आणि त्यानं तिची पोटरी धरून तिला मागे ओढलं. ती पडली, किंचाळली. रक्त आलं.

मी धावले. आणि आधी झाकण सरकवलं. मग पोरीला उचललं.

आधी झाकण. मग पोर. एवढंच मला सांगायचं होतं — आणि एवढंच इतकी वर्षं घशात अडकलं होतं.

सून धावत आली. कुत्रं चावलं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. काही कारण नसताना चावलं, हेही वर जोडलं. ते कुणी विचारलं होतं का मला?

ओवीला इंजेक्शनं झाली. गल्लीनं एकच धरून ठेवलं, हे जनावर इथे नको. मामांनी मणीला तिरुवळ्ळूरपलीकडे ओळखीच्या एका शेतावर पाठवलं. तिथे त्यानं खाणं सोडलं आणि पावसाळ्याआधीच गेला. ते कळलं त्या दिवशी मामा जिना उतरून आमच्या दारात आले, हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, पोरीला दुखवलं त्यानं. चूक माझी. मन्निच्चिडुंगो."

माफ करा, म्हणत होते. आणि मी — मी म्हटलं, "जाऊ द्या मामा, मुकं जनावर ते." मी त्यांना क्षमा केली. माझ्यासारखी उदार बाई मीच.

ओवी आता शाळेत जाते. कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडते. सम्पच्या झाकणावर मी तेव्हापासून एक जड कुंडी ठेवते. लॉरी आली की हलवते, गेली की पुन्हा ठेवते. परवा कुंडी सरकवताना मामा जिन्यावरून बघत होते. खाली येऊन त्यांनी हात लावला, आणि ओवीला म्हणाले, "तुझी आजी किती जपते बघ तुला."

मी कुंडी नीट बसवली आणि आत गेले.