सुरगाण्याच्या रस्त्यावर दोन पोलीस

नाशिकच्या सीबीएस स्थानकावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा चित्रपट लिहायला बसलो होतो.

मी मूळचा नभोनाट्यं लिहिणारा. कोल्हापूरच्या एका निर्मात्यांनी बोलावून घेतलं आणि अर्ध्या तासात सगळी गोष्ट बोटांवर मोजून दाखवली. ‘दोन पोलीस. एक निवृत्तीला आलेला, एक नवा. एक नियमाचा पक्का, दुसरा बेफिकीर. पहिल्या भेटीतच वाजलं पाहिजे. मग पाठलाग, त्यात मंडईतल्या चार हातगाड्या उलट्या झाल्याच पाहिजेत. साहेब दोघांना केबिनमध्ये बोलावून झापणार. शेवटाआधी दोघांचं जोरदार भांडण, ताटातूट. आणि शेवटी एक दुसऱ्यासाठी गोळी झेलणार. गंमत मात्र कुठं थांबता कामा नये.’

सगळं ठरलेलंच होतं. अडचण एवढीच, की मी पोलीस ठाण्याची पायरी कधी चढलो नव्हतो. नाशिकला माझ्या मावसभावाचे एक मित्र फौजदार होते. त्यांनी ‘या, बसा चार दिवस,’ असं पत्र धाडलं. म्हणून मी आलो.

पहिले दोन दिवस काहीही घडलं नाही. सायकल हरवल्याची एक तक्रार आली. शेजारच्याचा नारळ आपल्या पत्र्यावर पडतो, अशी दुसरी. बाकी वेळ टेबलावरचे कागद एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात जात. मी समोरच्या टपरीवरची मिसळ खाई (आमच्यापेक्षा तिखटाला सौम्य, पण मटकी सुरेख) आणि वहीत काहीच न लिहिता परत येई.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र फौजदारसाहेबांच्या खोलीत दोघंजण उभे दिसले. अहिरे हवालदार सटाण्याकडचे, पोट सुटलेले, नोकरीची दोन वर्षं राहिलेली. बोलता बोलता ते अहिराणीत कधी शिरत, त्यांचं त्यांनाही कळत नसे. दुसऱ्या होत्या सुमनताई, कॉन्स्टेबल, वय पंचविशीचं. घरी शेवंती आणि झेंडूची शेती. पहाटे वडिलांबरोबर फुलबाजार करून मग त्या कडक इस्त्रीचा गणवेश चढवत. दोघांच्या मध्ये सहा-सात वर्षांची एक मुलगी उभी होती. तिनं सुमनताईंचं बोट घट्ट धरलं होतं.

ती चार दिवसांपूर्वी स्थानकाबाहेरच्या जीपगाड्यांपाशी रडताना सापडली होती. नाव जमनी. त्यापुढं ती फक्त ‘आयीस’ (आई) म्हणे. सुरगाण्याकडची माणसं या दिवसांत द्राक्षबागांच्या कामाला इकडं येतात, तिथलीच असावी, असा सगळ्यांचा अंदाज. नाशिकच्या बालगृहात मुलींना जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला दूरच्या एका जिल्ह्यात पाठवणार होते.

‘एकदा तिकडं गेली की आईबाप कुठं शोधणार?’ साहेब म्हणाले. ‘आजचा दिवस आहे. जीप बंद पडली आहे, एसटीनं जा. आणि लेखकमहाशय, तुम्हीही जा. काहीतरी बघाल तरी.’

सुरगाण्याच्या गाडीत खिडकीशी सुमनताई आणि त्यांच्या मांडीवर जमनी. मागच्या बाकावर खिडकीशी मी, माझ्या शेजारी अहिरेदादा. दिंडोरी, वणी मागं पडली, द्राक्षांचे मांडव संपले आणि डोंगर अंगावर येऊ लागले. भात कापून झालेली खाचरं पिवळी पडली होती. घाट सुरू झाला तसे दादा गप्प झाले. दुसऱ्या वळणावर ते माझ्या अंगावरून माझ्या खिडकीकडं झेपावले. पुढचं सांगत नाही. सुमनताईंनी पर्समधून आवळ्याची सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

‘दर खेपेला तुम्ही आणता, मी आणत नाही,’ दादा रुमालानं तोंड पुसत म्हणाले.

‘दर खेपेला तुम्ही नाश्ता करून येता,’ ताई म्हणाल्या.

पहिल्या भेटीतलं भांडण कुठून आणायचं? ही दोघं तीन वर्षं एका ठाण्यात होती. एकमेकांच्या खोडी त्यांना पाठ होत्या, आणि त्यांचा कंटाळाही येऊन गेला होता.

सुरगाण्याला उतरताच दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सुमनताई मुलीला घेऊन तिथल्या ठाण्यात, मग पंचायत समितीत, मग जवळपासच्या शाळांचे पट बघायला गेल्या. अहिरेदादा जीपतळावरच्या चहाच्या टपरीत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ‘कोणाची पोर हरवली शे का?’ असं विचारू लागले. मी कधी इकडं, कधी तिकडं. दीड वाजता सगळे पुन्हा एकत्र आलो, तेव्हा ताईंच्या कागदावर सात जमन्या होत्या आणि सातही आपापल्या शाळेत हजर होत्या.

‘दादा, किती चहा झाले?’ ताईंनी विचारलं.

‘पाच.’

‘आपण चहा प्यायला आलोय का? पोरीनं चार दिवसांत धड घास घेतलेला नाही. उद्या तिला पाठवणार आहेत!’

‘मग कागदात घाल तिले! कागदातून पोर घरी जाती का?’ दादांचा आवाज चढला. ‘चार दिवस मी काय झोपा काढल्या? माले बी नात शे!’

तळावरची माणसं वळून बघू लागली. जमनी रडायला लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. ताईंनी तिला उचलून घेतलं. अशा भांडणावर दोन पानं लिहायची माझी तयारी होती. समोर बघताना मात्र मला तिथून निघून जावंसं वाटलं.

तेवढ्यात एक जीपवाला म्हणाला, ‘आंबेपाड्यावर कोणाचीशी पोर हरवल्याचं ऐकलं हाय. सोडू का?’

आम्ही चढलोच. तासाभरानं आंबेपाड्यावर उतरलो. कुडाच्या घरातून एक बाई धावत बाहेर आली, तिच्यामागून एक मुलगी. तीच हरवलेली, आणि कालच मामाच्या घरून परत आलेली! अहिरेदादा ओट्यावर मटकन बसले. ताईंनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

त्या बाईनं मात्र जमनीकडं नीट पाहिलं. पोरीविना दोन रात्री तिनं स्वतः काढल्या होत्या, तिला काय सांगायचं? ‘पोर भुकेली आहा,’ ती म्हणाली. ‘आधी खाऊ द्या, मंग इचारा.’

तिनं चुलीवरची नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं दाट वरण आणलं. जमनीनं पहिला तुकडा मोडला आणि मग थांबलीच नाही. आम्हालाही ताटल्या मिळाल्या. काळपट, जाड, धुराचा वास असलेली ती भाकरी. कोल्हापूरच्या माझ्या जिभेला ती त्या दुपारी पक्वान्नासारखी लागली. खाता खाता बाई तिच्या बोलीत हलकेच विचारत होती आणि जमनी बोलू लागली. चार दिवसांत ती इतकं पहिल्यांदाच बोलत होती. घरी जाताना नदी दोनदा लागते. शाळेचं छप्पर वाऱ्यानं उडालं, म्हणून मास्तर झाडाखाली शिकवतात.

‘छप्पर उडालेली साळा? ती नदीपल्याडची,’ बाई म्हणाली. ‘हद्दीजवळ. जीपनं अर्धा तास.’

अहिरेदादा ओट्यावरून उठले ते थेट जीपमध्ये.

नदी खरोखरच दोनदा लागली. छप्पर उडालेली शाळा दिसली तशी जमनी सीटवर उभी राहून हात दाखवू लागली. तिच्या घराला मात्र बाहेरून कडी होती. शेजारच्या अंगणात एक म्हातारा दोरी वळत बसला होता. त्याच्या हातातली दोरी खाली पडली.

जमनीचे आईबाप नाशिकला दोन दिवस तिला शोधत फिरले होते. ती ऊसतोडीच्या टोळीच्या (मजुरांच्या गटाच्या) गाडीत चढून गुजरातेत गेली असेल, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. म्हणून ते तिकडंच निघाले होते. ‘आताच गेली. जीप धरायला. वांसद्याला जायाची,’ म्हातारा म्हणाला. ‘एकदा तिकडं गेली म्हंजे ऊस संपस्तोवर कुठं गाठ पडती?’

‘पोलिसांत का नाही गेले?’ सुमनताईंनी विचारलं.

म्हाताऱ्यानं त्यांच्या गणवेशाकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

मग सुरू झाला तो पाठलाग. आमची जीप तीस-पस्तीसच्या पुढं जाईना. वाटेत शेळ्या आल्या, त्या हालेनात. दादा खाली उतरून ‘हुर्र हुर्र’ करत धावले. पुढच्या चढावर बॉनेटमधून वाफ येऊ लागली, आणि ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. ‘पाणी घातल्याशिवाय हालणार नाय.’

उताराच्या तळाशी एक छोटा पूल होता. पूल म्हणजे राज्याची हद्द. पलीकडच्या टपरीपाशी माणसांनी खच्चून भरलेली एक जीप उभी होती. टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं.

‘तीच!’ ड्रायव्हर म्हणाला.

सुमनताईंनी जमनीला कडेवर घेतलं आणि पळत सुटल्या. मला आठवलं, सकाळपासून त्या हद्द, परवानगी, वरिष्ठांचा आदेश हेच बोलत होत्या. त्या पुलाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मागून दादा, त्यांच्या मागून मी. पळता पळता दादांनी खिशातली शिट्टी काढली आणि जिवाच्या आकांतानं फुंकली.

तिथंच घात झाला. पलीकडच्या ड्रायव्हरनं वळून पाहिलं, शिट्टी वाजवत येणारा खाकी गणवेश दिसला, आणि आपल्या गाडीतली पंचवीस माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली असणार. त्यानं गाडी सुरू केली आणि दामटली.

‘शिट्टी बंद करा!’ ताई ओरडल्या. ‘दादा, शिट्टी!’

दादांनी शिट्टी फेकली, टोपी काढून फेकली, दोन्ही हात वर करून ओरडू लागले, ‘अरे थांब रे भो! दंड नही, पोर शे! पोर शे!’ जीप वळणाकडं चालली होती. त्या क्षणी माझी खात्री झाली, की हे हुकलं.

आणि जमनीनं हाक मारली. एवढ्याशा जिवात तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही. ‘आयीस!’

मागं लोंबकळणाऱ्यांपैकी एकानं मान वळवली आणि चालत्या गाडीतून उडी टाकली. तो पडला, उठला, लंगडत धावत आला. गाडीच्या आतून एका बाईचा असा आकांत उठला, की ड्रायव्हरला थांबावंच लागलं. ती माणसांच्या अंगावरून बाहेर आली. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण चष्मा पुसूनही उपयोग होत नव्हता. रस्त्याच्या मधोमध तिघं एकमेकांना धरून बसली होती. टपावरची माणसं खाली उतरून त्यांच्याभोवती नुसती उभी होती.

थोड्या वेळानं सुमनताईंनी टपरीच्या बाकड्यावर कागद पसरला. ‘मुलीचं पूर्ण नाव? ओळखीची खूण?’

‘ताई, अजून खूण पाहिजे?’ दादा म्हणाले.

‘लागते,’ ताई म्हणाल्या. अक्षरं दिसावीत म्हणून त्या बाहीनं डोळे पुसत होत्या. बापानं अंगठा उमटवला. त्याच्या खरचटलेल्या गुडघ्यातून रक्त येत होतं, त्याला त्याचं भानही नव्हतं. जाताना जमनीनं आमच्याकडं वळून पाहिलं नाही. आईच्या मानेत तिनं तोंड खुपसलं होतं. तेच योग्य होतं.

टपरीवाल्यानं चहा दिला. दादांनी सहावा घेतला आणि ताईंनी काही म्हटलं नाही.

परतीच्या एसटीत दोघांचं अहवालावरून जुंपलं. ‘शिट्टी वाजवून वाहन थांबवले, असं लिही,’ दादा म्हणत होते. ‘शिट्टी वाजवल्यामुळे वाहन पळाले, असं लिहीन,’ ताई म्हणत होत्या. हद्दीचं काय लिहायचं यावर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं: हद्दीच्या अलीकडे. मी साक्षीदार म्हणून मान हलवली. मग तिघंही हसत सुटलो. फार मोठी गंमत नव्हती, पण दिवसभराचं साचलेलं कुठून तरी बाहेर पडायला हवं होतं.

कोल्हापूरला आल्यावर निर्मात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘छान आहे. पण यात खलनायक कुठाय?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘मग प्रेक्षक घाबरणार कशाला?’

मी तर दिवसभर घाबरलेलो होतो. भरलेली एक जीप पाच मिनिटं आधी सुटली असती, एवढंच पुरेसं होतं. त्यांचा चित्रपट पुढं दुसऱ्या कोणी लिहिला. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा माझी मुलगी गल्लीत लगोरी खेळत होती. मी दारातूनच तिला हाक मारली. तिचा डाव रंगात आला होता, ती चिडूनच आली.

‘काय, बाबा?’

मी तिच्याकडं पाहिलं. धुळीनं भरलेले पाय, सुटलेली एक वेणी.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘जा, खेळ.’